लुबो गावाची वाट

लुबो गाव कोणत्या तालुक्यात ठेवायचं, हे ठरवण्यासाठी आम्ही चौघे डोंगर चढायला निघालो होतो.

लुबो आमच्या जिल्ह्याच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. पुढे समुद्र, मागे डोंगर. तालुक्याचं ठाणं पासिर तुआला. तिथे जायचं तर तांजुंग बातूच्या खडकाळ भूशिराला होडीने वळसा घालावा लागतो. पूर्वेचा वारा सुटला की त्या पाण्यात जाणं म्हणजे जिवावरचा खेळ! डोंगरापलीकडे मात्र मोलाबू हे दुसऱ्या तालुक्याचं ठाणं होतं. आम्हाला मोलाबूला जोडा, असं लुबोवाले म्हणत होते. ‘डोंगरातली जुनी वाट चालण्याजोगी असेल तरच,’ जिल्ह्याने कळवलं. ती वाट चालून पाहायला भूमापक म्हणून मला पाठवलं होतं.

गावाची सरपंच मार्थेना स्वतः आली होती. तिची धाकटी बहीण भूशिराजवळ होडीतच बाळंत होता होता गेली, तेव्हापासून मार्थेनाने हा ध्यास घेतला होता. सोबत तिचा भाऊ लासुडा, जंगलात वेत तोडणारा. आणि चौथे पासिर तुआचे तालुकाप्रमुख सुहार्दीनसाहेब. गाव त्यांच्याच हातून जाणार होतं, तरी पोट सावरत ते चढत होते.

“दम लागला का साहेब?” मार्थेनाने वळून विचारलं. “की गाव सुटणार म्हणून पाय जड झालेत?”

“पाय कसले! सकाळी तुम्ही चारलेली सागूची भाकरी जड झालीय,” साहेब धापा टाकत म्हणाले. “ती अजून गळ्याशीच आहे.”

लासुडा खो खो हसला.

जंगल दाट होत गेलं. झाडांच्या बुंध्यांवर ओलं शेवाळ, पायांना जळवा, आणि वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा सूं सूं आवाज. ओढा लागला. पाणी छातीपर्यंत होतं. लासुडाने वेताचा दोर पलीकडे बांधला आणि आम्ही एकेक करून पार झालो. दुपारी खिंडीत पोहोचलो, तेव्हा पलीकडचा समुद्र दिसला. त्याच्या काठावर मोलाबूचे पत्रे चमकत होते!

 मार्थेनाने भावाचा दंड घट्ट धरला.

उतरणीवर दरड कोसळली होती. वाटेचा जेमतेम पाऊलभर रुंद काठ उरला होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी मोजमाप करायला पुढे झालो. माती सरकली. मी ओरडलो. हातात आलं ते झुडूप उपटलं. खाली कुठल्याशा खोडावर आदळलो आणि उजव्या पायात काहीतरी कडकन मोडलं!

“हलू नकोस इदरुस!” साहेब पोटावर पालथे पडून ओरडत होते. “धरलंय तुला! धरलंय!”

खरंच, हात लांबवून त्यांनी माझी कॉलर धरली होती. लासुडा दोराने खाली आला, त्याने मला बांधलं आणि तिघांनी वर ओढलं. बांबू आणि लुंगी यांची झोळी झाली.

“मोलाबू जवळ आहे,” मार्थेना म्हणाली. “खाली दवाखाना आहे. पुढेच नेऊ.”

लासुडा पुढे, साहेब मागे. झोळी काठावर आली. लासुडाचं पाऊल टेकलं, दुसरं टेकेना. बांबू कड्याला घासला आणि झोळी दरीच्या बाजूला कलली. मी डोळे मिटले.

“मागे!” मार्थेना किंचाळली. “मागे घ्या त्याला!”

सगळे मागे आले. ती वाटेतच मटकन बसली. मोलाबूच्या त्या पत्र्यांकडे पाहत राहिली.

“याच्या जागी पोटुशी बाई असती तर?” शेवटी ती म्हणाली. “नाही साहेब. या वाटेने मी कुणालाही पाठवणार नाही. चला, परत.”

गाव आता साहेबांकडेच राहणार होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी लुबोत माझा पाय सुजून भोपळा झाला, अंगात ताप भरला. पासिर तुआच्या दवाखान्यात नेण्यावाचून इलाज नव्हता आणि वारा तर सुटलेला! लासुडाने होडी लोटली. भूशिराशी लाटा भिंतीसारख्या उठत होत्या. पाणी आत येत होतं. साहेब ओकत होते, नारळाच्या करवंटीने पाणी उपसत होते, पुन्हा ओकत होते.

“खडक! डावीकडे!” मार्थेना ओरडली. लासुडाने सुकाणू फिरवलं. होडी उभी राहिली, आपटली, आणि... पार झाली!

पासिर तुआच्या वाळूत उतरल्यावर साहेब गुडघ्यांवर बसले. ओठ निळे पडले होते.

“तुमची बहीण त्या भूशिराशीच गेली?” त्यांनी विचारलं.

“हो. त्या खडकाच्या अलीकडे.”

“मार्थेनाबाई, गाव काही मी सोडत नाही.” ती ताठ झाली. “पण यापुढे बाळंतिणीने इकडे यायचं नाही. सुईण तिकडे येईल. वारा सुटण्याआधी येईल आणि वारा पडेपर्यंत तिथेच राहील.”

“आणि तिला समुद्राची भीती वाटली तर?”

“मग तिच्या शेजारी मी बसेन. ओकेन, पण बसेन!”

ते बसले. पुढच्या वर्षी शांत समुद्रात सुईण लुबोला गेली, तेव्हा माझी काठी आणि मीही होडीत होतो. तिच्यासाठी गावाने खांबांवर घर बांधलं होतं. वारा सुटला, भूशिर बंद झालं, आणि एका पहाटे त्या घरात लासुडाच्या बायकोला मुलगी झाली. मार्थेना दाराबाहेर उभी होती. आतून रडण्याचा आवाज आला, तशी ती समुद्राकडे पाठ करून आत गेली.