साडेचार बोटं

अमेरिकेतल्या दुलुथमध्ये सकाळपासून बर्फ पडत होतं, म्हणून कारखान्यात दोघंच आली होती. वर संगणकापुढे लिनोर हापाला आणि खाली थंडगार शेडमध्ये ड्वाइट. तीन दिवस बंद असलेली चाचणीची भट्टी त्याला दुपारी पेटवायची होती. नीट तापेपर्यंत तिचं दार खांद्याने रेटून उभं राहावं लागे.

त्याआधी दारातून किती उष्णता बाहेर येईल, हे लिनोरला पाहायचं होतं. रोजचंच काम. पातळ पत्रा संगणकात नुसता पृष्ठभाग म्हणून काढायचा आणि जाडी चौकटीत लिहायची. तिने आराखड्यातली जाडी लिहिली. पाव इंच.

पडद्यावरच्या निळ्या, थंड दारावर तळहाताएवढा लाल, तापलेला डाग उमटला.

जाडी सगळीकडे सारखी होती. डाग पडायला कारणच नव्हतं. संगणक आकडेमोडीसाठी दारावर चौकोनांची जाळी आखतो; आकडेमोडीतला खोटा डाग ती जाळी बारीक केली की विरतो, म्हणून तिने जाळी बारीक केली. डाग विरला नाही. त्याला बोटं फुटली... अंगठा, तीन बोटं आणि अर्धी तर्जनी.

अर्धी तर्जनी एकाचीच होती. भट्टी बांधणाऱ्या ऑर्व्हिलची. तो गेल्या वसंतात वारला. "आराखड्याला काय विचारतेस? पत्र्याला विचार," असं म्हणून तो तिच्या हातात जाडी मोजायचं यंत्र ठेवायचा.

फोन वाजला. "काय बाईसाहेब, पेटवू का?"

"ड्वाइट... दारापासून लांब हो."

"का गं? संगणकाला थंडी वाजली?"

"हो म्हण. आणि लांब हो."

यंत्र घेऊन ती धावतच खाली गेली. डागाची जागा ड्वाइटच्या खांद्याच्या उंचीवर होती. तिथे यंत्र टेकवलं. पत्रा आतून गंजून पोस्टकार्डाएवढा पातळ उरला होता.

ड्वाइटने यंत्रावरचा आकडा वाचला. मग त्याने टोपी छताकडे उडवली आणि तिला उचलून गरगर फिरवलं. "अगं पोरी, माझा खांदा वाचवलास! खांदा कसला, मलाच!" लिनोर पहिल्यांदाच त्या शेडमध्ये मोठ्याने हसली. पडद्यावरचा डाग खरा ठरला होता. तिला बर्फात जाऊन ओरडावंसं वाटत होतं.

ड्वाइट टोपी उचलायला वाकला आणि तसाच थांबला.

"लिनोर... तू दाराला हात लावलास?"

"नाही. यंत्रच टेकवलं."

दारावर खालपासून वरपर्यंत हिमकण गोठले होते. यंत्र टेकवलं होतं त्या जागेशेजारी मात्र ते एका हाताच्या आकारात वितळले होते, साडेचार बोटांच्या. कडांवरून पाणी अजून ओघळत होतं.