न उडालेली घार

शशिधरच्या त्या पत्राला श्रीनिवासरावांनी उत्तर दिलं नव्हतं. सत्तावीस वर्षं! पत्र तरी केवढं? दोन ओळींचं. 'तो फोटो तू काढलास म्हणतोस, तर पुरावा दाखव. नाहीतर जन्मभर गप्प बस.'

आणि श्रीनिवासराव गप्प बसले. वेल्समधल्या कार्डिफच्या एका ग्रंथालयात आयुष्य काढलेला हा भिडस्त माणूस भांडणार तरी कसा? त्यात कॅमेरा शशिधरचा, रोलही त्याचाच. दोघे मित्र ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात गेले होते. श्रीनिवासराव एकटेच कड्याखालच्या खबदाडीत उतरले, पालथे पडले आणि खालच्या तळ्याचा फोटो काढून आले. पुढे स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं, ते शशिधरच्या नावावर! फोटोच्या कोपऱ्यात काळी, बाकदार सावली होती. ती झेपावणारी घार आहे, असं शशिधर सगळ्यांना रंगवून सांगायचा. फोटोचं नावच 'घारीची झेप'! श्रीनिवासरावांच्या आठवणीप्रमाणे ती खबदाडीवरच्या खडकाची चोच होती. पण पुढे पुढे त्यांनाच शंका येऊ लागली. आपण खरंच उतरलो होतो? की कुठल्या पुस्तकात वाचलेलं आपलंच समजून बसलो?

मागच्या महिन्यात आमंत्रणपत्रिका आली. इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात शशिधरच्या फोटोंचं प्रदर्शन, आणि मुखपृष्ठावर तीच घार! श्रीनिवासरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या वेळी त्याचं नाक कापायचंच! त्याच खबदाडीतून, तोच फोटो पुन्हा काढायचा!

म्हणून मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी एकाहत्तर वर्षांचे श्रीनिवासराव मुलीला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी उभे होते. तनया कार्डिफमध्येच जन्मलेली, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट.

"बाबा, फोनचा स्टोरेज फुल आहे! हे काय, सगळी पुस्तकांची पानं?"

"लायब्ररीत टिपून ठेवतो गं. हे पान काढ. हेही काढ."

"डिलीट केलेलं बिनमध्ये पडून राहतं. बिनमधून पण काढते, नाहीतर जागा नाही होणार." तनयाने पटापट दीडशे पानं उडवली. "आता तुमचा तो घार बसेल."

"ती घार."

"तेच ते!"

चढण सुरू झाली. वारा कानात शिरत होता, मेंढ्या दगडांआड अंग चोरून बसल्या होत्या, आणि जसजसं वर जावं तसतसं खालचं तळं धुक्याच्या पदराआड जात होतं. नकाशा म्हणून हातात होती ती आमंत्रणपत्रिकाच! फोटोत पलीकडची दोन शिखरं एकमेकांना चिकटलेली दिसत होती. कड्यावरच्या पायवाटेने ते तासभर हिंडले, पण धुकं विरळ झालं की शिखरांमधली फट दिसायचीच.

"वरून नाहीच जुळणार," श्रीनिवासराव पुटपुटले. "खाली उतरायला हवं."

"बाबा, आर यू मॅड? तुमचे गुडघे मला माहितीयेत!"

"शशिधरला चक्कर यायची. तो इथून एक पाऊल खाली गेला नव्हता. मी गेलो होतो." क्षणभर थांबून ते म्हणाले, "बहुतेक."

ते उतरू लागले. एक पाय. दुसरा पाय. दगड निसटला! खाली कुठेतरी आपटला. श्रीनिवासरावांनी गवताचा झुबका धरला, डोळे मिटले, उघडले. हातभर खाली काळोखी फट होती. ते आत सरकले. पालथे पडले. मान वर केली.

डोक्यावर खडकाची चोच! जशीच्या तशी!

"मीच!" ते ओरडले. "मीच काढला होता, तनू!"

पत्रिकेशी ताडून पाहिलं. शिखरं जुळली, चोच जुळली. क्लिक! फोनमध्ये तारीख आणि ठिकाणही नोंदलं गेलं. बॅटरी चार टक्के. ते कसेबसे वर सरकले आणि फोन लेकीच्या हातात दिला. तेवढ्यात धुकं फाटलं, तळ्यावर ऊन पडलं!

"तनू, काढ! काढ लवकर!"

"काढला!"

"बघू!"

पडद्यावर ना ऊन होतं, ना चोच. होतं ते पुस्तकाचं उरलेलं एक पान.

"अगं, तळ्याचा फोटो काढ म्हणालो!"

"सकाळपासून काढ म्हणजे डिलीट होता ना, बाबा!"

श्रीनिवासराव तसेच पुन्हा खाली वळले. पाय घसरला! छातीखाली नुसती हवा. तनयाने झडप घालून त्यांच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा पकडला.

"सोड! पुन्हा उतरतो. त्याला दाखवल्याशिवाय..."

"मरायचंय का त्या माणसासाठी? बाबा, ऐका! तो फोटो बिनमध्ये आहे! तीस दिवस राहतो! बिनमधून नाही काढला मी, आय प्रॉमिस!"

तिने त्यांना ओढून वर घेतलं. दोघं गवतात धापा टाकत पडले. मग तिने फोन त्यांच्यासमोर धरला. घार परत आली होती.

दुपारी गावातल्या दुकानात त्यांनी फोटो छापून घेतला.

"ईमेल करा ना, बाबा. आत्ता पोचेल."

"त्याने पत्र लिहिलं होतं."

चहाच्या टेबलावर त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर 'प्रिय' लिहिलं. फाडला. दुसऱ्यावर 'राग मानू नकोस' लिहिलं. तोही फाडला. मग फोटोच्या पाठीवर सरळ लिहिलं, 'शशिधर, पुरावा सोबत आहे. तुझी घार सत्तावीस वर्षांत तसूभर हललेली नाही. प्रदर्शनात हा फोटो तिच्याशेजारी लाव. नाहीतर मी येऊन लावीन. श्रीनिवास.'

कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला. पाकीट सुटेना.

"फार कडक झालं का गं?"

"थोडा."

"छान!" श्रीनिवासराव म्हणाले, आणि बोटं सोडली.