काळभोवऱ्याचं पुनरागमन

"मावशी, अल्बमची हार्ड डिस्क चोरीला गेली! उद्या कंपनीला पाठवायचाय, रविवारी सोलापूरला त्याचाच शो आहे. दोन वर्षं घातलीत मी त्यात," बँडमधली उझमा रडवेली झाली होती.

परंड्याच्या खासगी गुप्तहेर शिवकांताबाईंनी आधी चहा संपवला. तिचा 'काळभोवरा' हा मेटल बँड त्यांनी एकदा ऐकला होता. मिक्सरात खडे पडलेत असं वाटलं होतं. सहा वर्षं हे बहाद्दर गप्प होते. आता म्हणे गिटारीच्या दणदणीत धुना, म्हणजे रिफ, त्यात इलेक्ट्रॉनिक सूर, नि जंगी पुनरागमन!

"दुसरी प्रत?"

"शिवानंदनं करू दिली न्हाय. गाणी आधीच बाहेर फुटतील म्हणाला."

"गिटार तोच वाजवतो ना?"

उझमानं मान खाली घातली. "नाव त्याचंच आहे."

स्टुडिओ म्हणजे पत्र्याचं शेड. तिथं शिवानंद काळा टी-शर्ट घालून, जगाचं दुःख एकट्यानं उचलल्यासारखा बसला होता.

"दिवाळीभर सगळे रिफ याच गिटारीवर वाजवले. शेवटचा आज सकाळी. दहाला कुलूप लावलं तेव्हा डिस्क होती. दुसरी किल्ली मुजीबकडं. त्याला हे इलेक्ट्रॉनिक प्रकरण खुपतंय."

ड्रमर मुजीब उखडला. "व्हय, खुपतंय! अर्ध्या गाण्यांत माझ्या जागी मशीन घातलंय. पण अकराला म्या कुलूप उघडलं तवा डिस्क नव्हती. चोर असतो तर म्याच उझमाला फोन केला असता का?"

बाई गिटारीवर वाकल्या. खंडेनवमीला पूजलेली. ओल्या कुंकवाची बोटं सहाही तारांवर ओढलेली, वाळून पापडी धरलेली.

"पोरगं लई श्रद्धाळू हो," बाईंसोबत आलेले त्यांचे मदतनीस रामलिंग गहिवरले. त्यांना कशानंही गहिवर येतो.

"दसरा होऊन किती दिवस झाले, रामलिंग?"

"महिना झाला की."

"गिटार एकच?"

"एकच," शिवानंद रुबाबात म्हणाला.

"मग ऐक, शहाण्या. तारांवर बोटं फिरली असती तर हे कुंकू मिनिटात झडलं असतं. महिनाभर तू हिला हात लावलेला नाहीस. रिफ उझमानं कॉम्प्युटरवर बनवले. म्हणूनच गिटारीचं विचारलं की तिची मान खाली जाते."

"व्हय," उझमा पुटपुटली. "त्यानं शपथ घातली होती."

"रविवारी स्टेजवर तुला वाजवावं लागणार, आणि तुला ते येत नाही. अल्बमच नाही तर शो कुठला? म्हणून प्रत करू दिली नाहीस, म्हणून सकाळी डिस्क उचललीस. वर आळ मुजीबवर! लाज कशी वाटली नाही रे?"

शिवानंदनं मोटारसायकलच्या डिकीतून निमूटपणे डिस्क काढली. "लोक हसले असते, बाई. सहा वर्षांत हात गेला माझा."

"सराव नको, नुसता रुबाब हवा. हात राहणार कुठून?"

उझमानं डिस्क छातीशी धरली. शिवानंद तिच्यामागं दोन पावलं आला. "अल्बमवर माझं नाव राहील ना?"

उझमानं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "राहील की. आभारात. डिस्क सांभाळल्याबद्दल."