हेलादिओ उस्तादांची नळी

त्या दिवशी माझ्या पिशवीत सहा गोड पाव, हिरव्या मिरच्या, पुडीभर जाडं मीठ आणि बाळासाठी विणलेलं टोपडं होतं. सगळं माझ्या भाचीसाठी, सेल्सासाठी. तिला सातवा महिना लागला होता आणि पाच रविवार ती बाजाराला उतरली नव्हती. तिचा नवरा फिदेन्सियो एकटाच यायचा आणि विचारलं की एकच उत्तर द्यायचा, "झोपलीय मावशी. डॉक्टरनं आराम सांगितलाय." आता आमच्या गावात डॉक्टर येतो तो फक्त मंगळवारी, आणि जेवतो माझ्या शेजारणीकडे. मी त्याला गाठून विचारलं. त्यानं सेल्साला डिसेंबरपासून पाहिलंच नव्हतं.

तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

सेल्सा माझ्या धाकट्या बहिणीची. बहीण गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. तेव्हापासून ती माझीच. पण आमच्याकडे बोलावल्याशिवाय लेकीच्या सासरी जाऊन चौकशी करणं म्हणजे जावयाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. मला निमित्त हवं होतं, आणि निमित्त स्वतःच्या पायांनी चालत आलं. उत्तरेकडून, चिवावाहून, सुट्टीवर आलेला एक निवृत्त इंजिनियर. रामिरो उर्किदी त्याचं नाव. हातात वही, कानावर पेन्सिल. त्याला मेस्काल, म्हणजे आमची घायपाताची दारू, प्यायची नव्हती, म्हणे, शिकायची होती.

तोच माझा धंदा. पाहुण्यांना डोंगरातल्या भट्ट्यांवर नेते आणि चव घ्यायला शिकवते. डोळे बांधून घोट दिलात तर घायपात कुठल्या उतारावरचा, कुठल्या लाकडावर भाजला आणि दारू कुणाच्या हातची, ते मी सांगते. माझी इस्टेट काय ती ही एक जीभ.

सकाळी त्याला दोन भट्ट्या दाखवल्या. पहिल्या भट्टीवर त्यानं बाटली उजेडाला धरली आणि विचारलं, "बाई, यातली अळी कुठंय?"

"अळी तुमच्यासारख्यांसाठी घालतात, साहेब. हवी तर शोधून आणते. पण मग चावायची तुम्हीच."

तो हसला. उंटावरचा शहाणा वाटला होता, पण माणूस बरा निघाला. त्याला सांगितलं, आधी तीन थेंब जमिनीला, कारण पहिली तहान तिची. मग घोट घ्यायचा नाही, मुका घ्यायचा.

"मुका? या वयात?"

"या वयात तेवढाच झेपतो."

दुसऱ्या भट्टीवर त्यानं नळी पाहिली. बोरूची, वीतभर. उस्ताद ती धारेत बुडवतो, तोंडानं ओढून भरतो आणि भोपळ्याच्या वाटीत सोडतो. वाटीत मोत्यांसारखे बुडबुडे उठतात. मोती टिकले तर दारू जमली. फुटले तर अजून नाही. इंजिनियरनं नळीला हात लावला तेव्हा तिथल्या उस्तादानं ती झटकन ओढून घेतली. मी समजावलं, ज्याची नळी त्याचंच तोंड. बायकोनंसुद्धा ओठ लावायचे नाहीत. आणि उस्ताद वारला की ती गुडघ्यावर मोडून त्याच्या हातात द्यायची, मगच शवपेटी बंद करायची.

"का मोडायची?" वहीत लिहीत त्यानं विचारलं.

"लहानपणी मी आजीला हेच विचारलं होतं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला."

चारच्या सुमाराला मी म्हटलं, अजून एक भट्टी आहे, थोडी लांब. त्याची गाडी होती, त्याला वेळ होता.

हेलादिओ उस्ताद, म्हणजे सेल्साचे सासरे, सप्टेंबरात वारले. त्यांच्यासारखी मेस्काल या खोऱ्यात कुणी गाळली नाही. शेवटची कडवट धार सुरू झाली की बाकीचे उस्ताद लगेच भांडं काढून घेतात. हेलादिओ एक घोटभर उशिरा थांबायचे. त्या घोटामुळे जिभेवर आधी पिकलेलं फळ, मग ओली माती आणि अगदी शेवटी जळक्या संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी रेंगाळायचं. एक घोट लवकर थांबलं तर ते यायचं नाही, आणखी एक घोट उशीर झाला तर सगळी दारू वाया. ते कुणाला शिकवता येण्यासारखं नव्हतं. फिदेन्सियोनं वीस वर्षं बापाच्या शेजारी बसून पाहिलं, तरी आडातलं पोहऱ्यात काही आलं नाही.

त्यांची भट्टी घळीत आहे. वर डोंगरमाथ्यावर ऊन होतं, पण घळीत सावली उतरली होती आणि गारवा जाणवत होता. भाजलेल्या घायपाताचा करपलेल्या गुळासारखा वास दाटून राहिला होता. घायपात चेचायच्या दगडी चाकाला जुंपलेलं खेचर नुसतंच उभं होतं. कुत्रा आमच्यावर भुंकला नाही. तो मागच्या छपराकडे तोंड करून बसला होता, शेपूट पोटाखाली घेऊन.

फिदेन्सियो धावतच बाहेर आला. एवढं स्वागत त्यानं लग्नातही केलं नव्हतं.

"मावशी! कळवायचं तरी. बसा, बसा, साहेब."

"कळवलं असतं तर सेल्सा उठून बसली असती, जावईबापू?"

"झोपलीय ती."

"मग मी तिच्या उशाशी बसते."

"आधी चव तर घ्या," तो म्हणाला आणि माझ्या वाटेत उभा राहिला.

त्यानं आमच्या वाट्या भरल्या. इंजिनियरनं शिकवल्याप्रमाणे तीन थेंब सांडले. मी मुका घेतला.

फळ. माती. आणि शेवटी ती जळकी साल.

पहिला विचार आला तो साधाच. पोरगा बापाची उरलेली दारू स्वतःची म्हणून पाजतोय. मनातल्या मनात मी त्याला दोन शिव्याही दिल्या. मग तळहातावर चार थेंब घेतले, चोळले, हुंगले. धूर नाकात सुईसारखा शिरला. जुनी मेस्काल अशी टोचत नाही, ती निवते. ही पंधरा दिवसांचीही नव्हती.

"कधी गाळलीस?"

"परवा."

"कुणी?"

"मीच. अजून कोण गाळणार?"

बोलता बोलता त्यानं माझ्या पिशवीतली एक मिरची उचलली आणि काकडीसारखी चावून खाल्ली. मग दुसरी. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही की सुस्कारा नाही. इंजिनियर त्याच्याकडे बघतच राहिला.

"तिखट नाहीत वाटतं?" असं म्हणून त्यानं एकीचं टोक तोडलं, आणि मग खोकत खोकत त्याला उठून पाणी शोधायला लागलं.

मी फिदेन्सियोकडे पाहत होते. त्याला मी काय पाहिलं ते कळलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो वाटेतून हलला नाही.

"तुझी जीभ कधी गेली रे?"

"मावशी... मागं नका जाऊ."

मी त्याला बाजूला सारलं आणि गेले.

मागच्या छपराखाली मातीची हंडी आचेवर होती. बारीक धार पडत होती, टप टप. तिच्यासमोर बुटक्या ओंडक्यावर सेल्सा बसली होती, पाय फाकवून, पोट मांड्यांमध्ये टेकवून. केस विंचरलेले नव्हते. लग्नाआधी मेस्कालच्या वासानंच या पोरीचं डोकं दुखायचं. आता तिच्या तोंडात बोरूची नळी होती. तिनं ओढलं, वाटीत सोडलं. दोनदा थोडं, तिसऱ्यांदा लांब. वाटीत मोती उठले आणि टिकून राहिले. मग ती डाव्या बाजूला थुंकली आणि हाताच्या पाठीनं वरचा ओठ पुसला, आधी उजवीकडून, मग डावीकडून. जाड मिशीवरून पुसावं तसा.

हेलादिओ उस्तादांना असं करताना मी तीस वर्षं पाहिलं होतं.

"सेल्सा..."

ती वळली. आवाज तिचाच होता, पण थकलेला. "आलीस मावशी? थांब हं जरा... शेवटची धार आलीय. आत्ता उठता नाही येत."

"ही नळी कुणाची गं?"

तिनं पुन्हा नळी धारेत बुडवली. मी जवळ जाऊन पाहिलं. नळी जुनी होती, धुरानं काळपट झालेली.

माझ्या मागून फिदेन्सियो बोलायला लागला, कुजबुजत, जणू हंडीला ऐकू जाऊ नये. "दुसरीच मोडली मी, मावशी... पेटीत दुसरीच ठेवली. सगळे रडत होते, कुणी पाहिलं नाही. मला वाटलं, बाबांचा हात नळीतच असेल... माझ्या दोन भट्ट्यांची दारू गटारात ओतली होती मी. नुसती एकदा तोंडाला लावली. एकदाच. आणि दारू अशी उतरली, मावशी, अशी... मग रोज लावली. आणि एक दिवस भाकरी खाल्ली, तर ती लागेचना. मीठ लागेना, साखर लागेना. जीभ गेली की नळी मोती देत नाही. मग मी हिला म्हटलं, थोडेच दिवस..."

"आपल्या गरोदर बायकोला!"

त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

"चल उठ," मी सेल्साला म्हटलं. "घरी चल माझ्या."

"नाही सोडणार," ती म्हणाली.

"कोण नाही सोडणार? हा?"

तिनं नकारार्थी मान हलवली. नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "मला पण आता काही लागत नाही, मावशी. काल साखर खाल्ली... राख वाटली. मामंजी म्हणतात, हे तोंडही संपत आलं." ती थांबली. तिचा एक हात पोटावर गेला. "म्हणतात, काळजी नको... नवं तोंड येतंय."

हंडीतून टप टप चालू होतं. मी सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही; भीती नंतर आली. त्या क्षणी फक्त राग आला. मी नळी ओढली. तिनं धरून ठेवली. सात महिन्यांची गरोदर पोर, पण ताकद एखाद्या गड्याची. इंजिनियर पाणी पिऊन मागून आला होता, त्याला मी ओरडून सांगितलं, "हात धरा हिचे!" त्यानं काही न विचारता धरले. मी नळी हिसकली आणि गुडघ्यावर मोडली.

ती सुकलेल्या काडीसारखी कटकन मोडली. आतून कसलाही वास आला नाही, की धूर निघाला नाही. मी दोन्ही तुकडे आचेत टाकले आणि राख होईपर्यंत तिथंच उभी राहिले. सेल्सा हमसाहमशी रडायला लागली. मी पिशवीतली पुडी फोडून चिमूटभर मीठ तिच्या जिभेवर ठेवलं.

"खारट," ती म्हणाली. मग हसली. मग पुन्हा रडली. "मावशी, खारट लागतंय गं!"

त्याच संध्याकाळी तिला इंजिनियरच्या गाडीत घालून मी घरी आणलं. फिदेन्सियो अडवायला आला नाही. गाडी वळताना मी मागं पाहिलं. तो विझलेल्या आचेसमोर बसला होता आणि हातानं राख चाळत होता. दारात गाडी थांबवून इंजिनियरनं वही उघडली, थोडा वेळ धरली आणि मिटून ठेवली. आम्ही उतरताना तो एवढंच म्हणाला, "बाई, पुढच्या सुट्टीत मी समुद्रावर जाईन."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेल्सा बाळंत झाली. मुलगी. सुईण म्हणाली, असं सुटसुटीत बाळंतपण वर्षात पाहिलं नाही. पोर गोरीगोमटी, हात-पाय सगळं जागच्या जागी, रडली तर तीन घरं ऐकतील. मी पहिल्यांदा घाबरत घाबरत पाहिलं, मग धीर आला. सेल्साच्या गालांवर रंग चढला होता. ती दोन वेळा पोटभर जेवायची आणि मीठ कमी पडलं की मला बोलायची. मी देवळात मेणबत्ती लावून आले. सुटलो, म्हटलं.

नवव्या दिवशी सकाळी मी बाळाचं तोंड पुसत होते. कोमट पाण्यात कापड बुडवून, बोटाला गुंडाळून, हिरड्यांवरून फिरवायचं असतं. बोटाला काहीतरी टणक लागलं.

मी तिला दारातल्या उजेडात नेलं आणि खालचा ओठ अलगद खाली ओढला. हिरडीत एक दात होता. दात घेऊन जन्मलेली पोरं मी पाहिली आहेत. लोक हसतात, म्हणतात, बडबडी होणार. मीही हसले असते. पण तो दात नवा नव्हता. पिवळा पडलेला, झिजलेला होता, आणि त्याच्या कडेला अर्धगोल खाच होती, गुळगुळीत. एखादी गोल वस्तू वर्षानुवर्षं दातात धरली की पडते तशी.

"काय बघतेस गं एवढं?" सेल्सानं खाटेवरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ओठाला दूध चिकटलंय."

बाळ रडलं नाही. माझं बोट तोंडात असतानाच तिनं हळूच ते ओठांत धरलं आणि माझ्याकडे बघत राहिली.