पडायला शिकताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अक्षदानं मुख्य रस्त्याची गर्दी टाळायला स्कूटर जुन्या भातगिरणीच्या मागच्या वाटेनं घातली, आणि गिरणीच्या पत्र्यावरून एक माणूस खाली पडताना पाहिला.

किंकाळी तिच्याच तोंडून निघाली, त्याच्या नाही. तो बिचारा अगदी मुकाट्यानं पडला, हात पसरून, पाठीवर... आणि भिंतीआड दिसेनासा झाला. पाठोपाठ धप्पकन आवाज.

स्कूटर तशीच आडवी टाकून अक्षदा धावली. धावली म्हणजे जमेल तशी, उजवा गुडघा सांभाळत. भिंतीला वळसा घालून पाहते तो काय, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा भला मोठा ढीग, वर अंथरलेल्या जुन्या गाद्या, आणि मधोमध पडलेल्या खड्ड्यात तो माणूस. डोळे मिटलेले.

"अहो! ऐकताय का? हलू नका हं! मी... मी कोणाला तरी बोलावते!"

त्यानं एक डोळा उघडला.

"बोलवा की. पण तोपर्यंत त्या खिडकीतला मोबाईल तेवढा बंद करा. व्हिडिओ काढत होतो. तुमची किंकाळी आलीय त्यात." त्यानं दुसराही डोळा उघडला. "छान आलीय तशी."

अक्षदाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खिडकीकडे धावत जाऊन तिनं मोबाईल बंद केला आणि वळून भलतंच बोलली, "हे खोके आमच्या कंपनीचे आहेत!"

आणि ते खरंच होतं. कुंभिवलीला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात ती माल तपासायला होती. रोज शेकडो खोके तिच्या हाताखालून जायचे. असा एखादा माणूस अंगावर झेलण्यासाठी ते वापरता येतात, हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मग तुमच्याच कंपनीनं वाचवलं म्हणायचं मला," तो खोक्यांतून बाहेर येत म्हणाला. केसांत पुठ्ठ्याचा भुसा, शर्टाची एक बाही फाटलेली, आणि चेहऱ्यावर लाजलेलं हसू. "मी साईराज. खालापूरचा."

साईराज सिनेमात पडायचा. घोड्यावरून, छतावरून, चालत्या गाडीतून... हिरो कोणीही असो, पडायची वेळ आली की साईराज. त्याचा चेहरा कोणी कधी पाहिला नव्हता, पाठ मात्र साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली होती. आता कर्जतच्या या बंद गिरणीत तो साध्या माणसांसाठी वर्ग सुरू करणार होता. स्टंटवाले करतात तोच सराव. कोलांट्या, दोरावर चढणं, भिंत पार करणं, आणि शेवटी उंचावरून पडणं.

"तुम्ही पण या," तो सहज म्हणाला.

"मी?" अक्षदा हसली. "माझा गुडघा..."

"दिसला. तुम्ही खिडकीकडे धावलात तेव्हाच दिसला. कबड्डी?"

तिनं चमकून पाहिलं. "कसं कळलं?"

"वळताना डावा पाय पुढं टाकलात. चढाई करणारीचा पाय तो. विसरत नाही."

चार वर्षांत तिला कोणी असं ओळखलं नव्हतं. कॉलेजच्या संघात होती तेव्हा चढाईला गेली की समोरची पोरी मागं सरायच्या. मग एका सामन्यात गुडघ्यातून कट्‌कन आवाज आला. ऑपरेशन झालं, गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी 'खेळ आता' म्हणूनही सांगितलं. पण घरच्यांची भीती काही बरी झाली नाही. 'बस गं', 'उचलू नकोस गं', 'हळू गं...' ऐकून ऐकून ती भीती तिच्याही अंगात मुरली. जिन्यावरून उतरताना आजही तिचा हात कठड्यावर असायचा.

"डॉक्टरांना विचारून या," साईराज म्हणाला. "ते हो म्हणाले तरच. आणि चप्पल नको, बूट."

ती घरी गेली, रात्रभर स्वतःवर चिडली, आणि सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आली.

घरी तिनं सांगितलं, योगाचा वर्ग लावलाय.

*

वर्ग मोठा मजेशीर होता. कारखान्यातली तिची मैत्रीण सुप्रिया होती, ती आली होती लग्नाआधी बारीक व्हायला. बाजारात कापडाचं दुकान असलेले अब्बासभाई होते, त्यांना डॉक्टरांनी 'चाला' म्हणून सांगितलं होतं आणि ते चुकून इथं पोहोचले होते. कोलांटी मारायला सांगितली की अब्बासभाई आधी वर बघायचे, मग पोटाकडे बघायचे, आणि मग 'या अल्लाह' म्हणून घरंगळायचे.

साईराज कोणावर ओरडायचा नाही. गोड बोलून जीव काढायचा.

"छान. आता परत."

"सर, पाय थरथरतायत!"

"थरथरू दे ना. जिवंत आहेत म्हणून थरथरतायत."

पहिले काही दिवस अक्षदा घरी जाऊन नुसती पडून राहायची. दंड, पोटऱ्या, पाठ... अंगात इतकी हाडं आहेत हे तिला नव्यानं कळत होतं. साईराजनं तिचा सराव वेगळा बांधून दिला होता. गुडघ्याला आधार देणारी मांडी आधी मजबूत करायची, मग बाकी सगळं. ती जमिनीवरून पडायला शिकली. मग टेबलावरून, मग माळ्याच्या खालच्या फळीवरून. "पाठीवर. हनुवटी छातीला. श्वास सोड..." तो म्हणायचा, आणि 'सोडा'चं 'सोड' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एका सकाळी परतीच्या पावसानं गाठलं. बाकीचे निघून गेले होते. आभाळ अचानक काळं झालं आणि टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले.

"खोके!" दोघं एकदमच ओरडली.

मागच्या अंगणात खोक्यांचा ढीग उघडा होता. साईराजनं ताडपत्री ओढली, अक्षदानं दुसरं टोक धरलं, वारा ती हिसकावून घेऊ लागला. शेवटी दोघं ताडपत्रीच्या आत शिरून तिची टोकं धरून बसली. निळा अंधार, ओल्या पुठ्ठ्याचा वास, डोक्यावर पावसाचा ताशा... आणि एक वीत अंतर.

"एवढा जीव टाकतोस खोक्यांवर," ती म्हणाली.

"तेच झेलतात ना मला."

"दुसरं कोणी नाही झेलायला?"

पाऊस जोरात होता म्हणून त्याला ऐकू गेलं नाही — असं त्यानं दाखवलं. तिच्या गालावर चिकटलेला पुठ्ठ्याचा तुकडा काढायला त्याचा हात वर आला, मध्येच थांबला, आणि उगाचच ताडपत्री चाचपू लागला.

"गालावर काहीतरी आहे," तो म्हणाला.

"मग?"

"...पूस."

अक्षदा इतकी हसली की ताडपत्रीचं टोक हातातून सुटलं आणि दोघं चिंब भिजली. खोके मात्र कोरडे राहिले.

*

थंडी पडली. भात झोडून झालं, शेतांत पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहिल्या. वर्गाचा समारोप ठरला. रविवारी सकाळी, गिरणीच्या मोकळ्या आवारात, सगळ्यांच्या घरच्यांसमोर. दोन मजले उंचीची लोखंडी परांची बांधली होती. ज्यांची तयारी झाली असेल ते तिच्या टोकावरून पडणार होते, बाकीचे खालच्या फळीवरून.

शुक्रवारी साईराजनं नावं सांगितली. अक्षदाचं नाव खालच्या फळीला होतं.

ती सगळे जाईपर्यंत थांबली.

"माझं नाव खाली का?"

"गुडघा आहे तुझा. उगाच..."

"पाठीवर पडायचंय ना? गुडघा कुठं येतो मध्ये?" तिचा आवाज चढला. "माळ्याच्या टोकावरून पडले मी. तूच बघितलंस. चुकले एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

साईराज दोर गुंडाळत राहिला. गुंडाळलेला सोडायचा, परत गुंडाळायचा.

"साईराज, माझ्यावर माया करणारं प्रत्येक माणूस मला खाली बसवतं. आई, बाबा, सगळे. तू पहिला होतास, ज्यानं उभं केलं. आता तू पण...?"

त्यानं दोर खाली ठेवला.

"बाकीचे पडतात तेव्हा माझी नजर खोक्यांवर असते," तो हळू म्हणाला. "ढीग सरकला का, गादी हलली का... खाली उभा राहणाऱ्याचं कामच ते. पण तू वर चढलीस की मी तुझ्याकडेच बघत राहतो, अक्षदा. त्याला काही इलाज सापडेना. म्हणून नाव खाली टाकलं. तयारी तुझी कमी नाही. माझी कमी आहे."

बाहेर कुणाची तरी दुचाकी फटफटत गेली. अक्षदाच्या छातीत त्याहून मोठा आवाज होत होता. पण ती चढाई करणारी मुलगी होती. हातात आलेला गडी असा सोडणार नव्हती.

"मग तू तयारी कर," ती म्हणाली. "दोन दिवस आहेत. मी वरूनच पडणार."

आणि ती गेली... ताठ मानेनं, हसू ओठांत दाबून.

घरी जाऊन तिनं दुसरी लढाई लढली. भिवाजी, म्हणजे तिचे बाबा, ओटीवर बसून भाताची पोती शिवत होते. तिनं सगळं सांगून टाकलं. सुई थांबली.

"योगा म्हनली व्हतीस ना गं?"

"योगा नाय बाबा. उड्या मारते मी. उंचावरनं."

"त्या गुडघ्यानं?"

"त्याच गुडघ्यानं. डॉक्टर हो म्हणलेत. तुमी या बघायला."

भिवाजी पोती तशीच टाकून उठले. जेवले नाहीत. शनिवारीही तेच. आई मधल्या मध्ये दोघांची ताटं वाढत राहिली.

*

रविवारी आवारात बरीच माणसं जमली. अब्बासभाईंनी खालच्या फळीवरून अशी काही झेप घेतली की त्यांच्या नातवंडांनी शिट्ट्या मारल्या. सुप्रिया वरून पडली आणि उठल्या उठल्या आधी केस नीट केले.

"अक्षदा," साईराजनं हाक दिली. "वर."

ती निघाली. परांचीच्या शिडीवर चढताना तिनं एकदा मागं पाहिलं. गर्दीच्या शेवटी, पांढरी टोपी हातात चुरगाळत बाबा उभे होते. शेजारी आई, पदर तोंडावर घेऊन.

वर थंड वारा होता. समोर घाटाचे डोंगर निळे दिसत होते, आणि एक आगगाडी ठाकुरवाडीच्या बाजूला चढत होती. खाली खोके. खोक्यांशेजारी साईराज. त्यानं तिच्याकडे एकदाच पाहिलं, पुरतं पाहिलं, मान हलवली आणि नजर खाली खोक्यांवर लावली. मग ती नजर हलली नाही.

अक्षदानं डोंगरांकडे पाठ केली. हनुवटी छातीला. हात पसरले. श्वास...

ती पडली.

धप्प!

आवारातल्या साऱ्या माना उंचावल्या. मग खोक्यांच्या खड्ड्यातून एक हात वर आला, अंगठा उभा. आणि त्या अंगठ्यामागोमाग अक्षदा स्वतः उभी राहिली — दोन्ही पायांवर, कोणाचा हात न धरता. टाळ्या थांबेनात.

भिवाजी गर्दीतून वाट काढत पुढं आले. डोळे लाल झाले होते. शेजारच्या अब्बासभाईंच्या दंडाला धरून ते मोठ्यानं म्हणाले, "माजी पोरगी हाय ती! कबड्डीत पन अशीच व्हती. कुनाला ऐकायची नाय!" मग साईराजकडे वळले. "मास्तर, परत एकदा पडंल का वो ती? हिच्या आयनं डोळंच मिटलं व्हतं."

सगळं आवार हसलं. आई पदराआडून म्हणाली, "आता नाय मिटनार."

परत पडायचं तर ढीग परत रचायला हवा. दबलेले खोके काढायचे, नवे घडी उलगडून लावायचे. साईराज आणि अक्षदा गुडघ्यांवर बसून भराभर खोके रचू लागली. दोघांची डोकी ढिगाआड.

"केली ना तयारी?" तिनं विचारलं.

"केली. बापरे, पण अवघड होतं." त्यानं एक खोका उभा केला. घोड्यावरून पडणाऱ्या त्या माणसानं तो उलटाच लावला, मग परत सरळ केला. "अक्षदा..."

"हं?"

"मला दहा वर्षांत कुठल्याच उडीची भीती वाटली नाही. आता वाटतेय. विचारू का?"

"विचार ना."

"माझ्याशी लग्न करशील?"

तिच्या हातातला खोका तिथंच राहिला. गादीचं टोक सरळ करत, आवाज शक्य तेवढा साधा ठेवत ती म्हणाली, "बघते. वर जाऊन विचार करते. हवा बरी आहे तिथं."

"अगं, पण..."

ती उठलीसुद्धा. शिडीकडे गेली. या खेपेला कठड्याला हात न लावता, गाणं गुणगुणत, एकेक पायरी चढली. परांचीच्या टोकावर उभी राहिली. ऊन तिच्या कपाळावर आलं होतं. खाली आई डोळे टक्क उघडे ठेवून बघत होती, बाबा मान मागं टाकून, आणि साईराज... त्याचे कान लालबुंद.

अक्षदानं छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "साईराज! हो!"

"हो काय गं?" खालून भिवाजी ओरडले. "कशाला हो म्हनलीस?"

"खाली आल्यावर सांगते, बाबा!" ती हसत म्हणाली, आणि हात पसरून मागं झुकली.