शेवटच्या कुपीतले विरजण

चंद्रावरच्या वसाहतीत दुधाचे दही होईनासे झाले.

दूध नेहमीच्याच भुकटीचे होते, ऊबही नेहमीचीच होती. तरी सकाळी झाकण काढले की भांड्यात पातळ दूधच दिसे. सुक्या विरजणाची नवी कुपी फोडली, मग आणखी एक. फरक पडला नाही. आता एकच कुपी उरली होती आणि पृथ्वीवरून पुढचे यान सहा महिन्यांनी येणार होते.

"आज हीच घालतो," स्वयंपाकघर सांभाळणारे सदोबाकाका म्हणाले. "बघू कसं लागत नाही ते!"

"आणि नाहीच लागलं तर?" अकरा वर्षांच्या शाल्मलीने विचारले. "सहा महिने दही नाही, ताक नाही, कढी नाही. काका, आधी कारण शोधू या ना."

"शोध की. तोंड चालवायला काय जातंय?"

"शोधतेच. पण तोवर कुपीला हात लावायचा नाही. मला फक्त चिमूटभर द्या."

काकांनी कुरकुरत चिमूटभर विरजण काढून दिले. "रविवारपर्यंत थांबतो. पुढे मी कोणाचं ऐकणार नाही."

शाल्मली ते घेऊन नीलाक्षीआत्याच्या प्रयोगशाळेत गेली. आत्या सूक्ष्मजीवांची अभ्यासक होती आणि पुराव्याशिवाय कोणाचेही ऐकत नसे, भाचीचेही. तिथे तयार झालेले काहीही खायचे नाही, हा वसाहतीचा नियम होता. पण तपासायला मनाई नव्हती.

निर्जंतुक (एकही जिवंत सूक्ष्मजीव नसलेल्या) काचनळीत उकळून कोमट केलेले दूध घेऊन त्यात तिने ते विरजण घातले. काही तासांत दूध घट्ट झाले.

"म्हणजे विरजण चांगलं आहे, दूधही. काकांच्या भांड्यात विष असणार!"

"असणार? तपासल्याशिवाय?" आत्या म्हणाली.

मग दोघींनी फसलेल्या भांड्यातले दूध गाळले. गाळणीची छिद्रे इतकी बारीक होती की दह्याचे जिवाणू (एकाच पेशीचे सजीव) वरच अडकत. खाली उतरलेल्या पाण्याचा एक थेंब शाल्मलीने आधी लागलेल्या दह्याने ताज्या विरजलेल्या दुधात टाकला. दही लागले नाही. त्या नळीतले दूध गाळून त्याचा थेंब दुसऱ्या विरजलेल्या नळीत टाकला. तीही फसली. मग तिसरी, चौथी, पाचवी.

"विष असतं तर दर नळीत विरळ होत गेलं असतं," शाल्मली सावकाश म्हणाली. "इथे तर शेवटची नळीही पहिलीसारखीच फसली. आत्या, हे जे काही आहे ते वाढतंय!"

"कशाच्या जिवावर? दुधाच्या?"

शाल्मलीने नळ्यांची दुसरी रांग लावली. या वेळी दुधात विरजण घातलेच नाही. थेंब तसाच नळीतून नळीत नेला आणि शेवटच्या नळीतला थेंब विरजलेल्या दुधात टाकला. दही उत्तम लागले.

"नुसत्या दुधात ते वाढलं नाही, विरळ होऊन संपलं. त्याला जिवंत जिवाणूच लागतात!"

"आता बोललीस पुराव्यानिशी. हा विषाणू आहे," आत्या म्हणाली. "नीट ऐक. जिवाणूला अन्न आणि ऊब मिळाली की तो स्वतःच वाढतो आणि दुभंगून एकाचे दोन होतो. काही मोजके जिवाणू दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढत नाहीत, पण दह्यातले तसे नाहीत. विषाणूकडे मात्र वाढण्याची यंत्रणाच नसते. त्याच्याकडे असतात फक्त स्वतःची प्रत बनवण्याच्या सूचना आणि त्यांच्याभोवती एक कवच. त्या सूचना तो यजमान पेशीत (ज्या पेशीत विषाणू वाढतो तिच्यात) सोडतो. मग ती पेशी स्वतःचं काम टाकून त्याच्याच प्रती बनवत बसते. शेवटी ती फुटते आणि प्रती बाहेर पडतात."

"तो आपल्या पेशींत शिरेल?"

"नाही. त्याला दह्याचेच जिवाणू लागतात, तेही ठरावीक."

"मग रोगाच्या जिवाणूंवर असेच विषाणू सोडले तर?"

"त्यावर काम चाललंय. बरंच शिल्लकही आहे, तुझ्यापुरतं." आत्या पहिल्यांदाच हसली. "पण नव्या कुप्या का फसल्या, ते अजून सांगितलं नाहीस."

रविवार उजाडला होता. शाल्मली धावत स्वयंपाकघरात पोचली, तेव्हा काकांच्या हातात कुपी होती.

"थांबा! काका, भांडं घासलंत?"

"विरजणाचं भांडं कोण घासतं गं? कडेला थोडं जुनं राहू द्यायचं, म्हणजे छान लागतं. माझी आई असंच करायची."

"आईचं भांडं बरोबर होतं. या भांड्याच्या कडेला विषाणू आहेत."

काकांनी तिच्याकडे पाहिले, कुपीकडे पाहिले आणि झाकण पुन्हा लावले. भांडे, पळी, झाकण सारे घासून त्यांनी कुकरच्या वाफेत बराच वेळ ठेवले. मगच दूध तापवले आणि शेवटची कुपी रिकामी केली.

सकाळी पळीला दह्याची वडी सबंध आली. काकांनी चव घेतली. "आंबट कमी आहे," ते म्हणाले आणि दुसरी पळी घेतली.

पहिला विषाणू कोठून आला, ते कळले नाही. बाकीचे कारण स्पष्ट होते. न घासलेल्या भांड्यात विषाणू नुसते पडून होते. एकटे असताना त्यांना एकाचे दोनही होता येत नव्हते. दर रात्री ताजे विरजण घालून माणसेच त्यांना नव्या यजमान पेशी पुरवत होती.