दगडाच्या पाठीमागे

"मूठ घट्ट आवळ. काही झालं तरी उघडू नको," अंजूनं धाकट्या भावाला बजावलं.

ओमप्रकाशच्या मुठीत पाच चिंचा होत्या. तो शेंदूर फासलेल्या दगडाच्या पाठीमागे उभा होता आणि अंजू समोर. जालन्याहून सुट्टीला आलेली आकांक्षा रस्त्यावर पहारा देत होती. उन्हाळ्याची टळटळीत दुपार, सगळं गाव आडवं झालेलं. अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती.

हा दगड महिन्याभरातच देव होऊन बसला होता. रस्ता रुंद करताना जेसीबीनं तो आकांक्षाच्या काकांच्या, धर्मराजकाकांच्या, मोसंबीच्या बागेच्या बांधावरून उपटला. काकांनी त्याला शेंदूर फासून आपल्या फाटकासमोर लिंबाखाली मांडलं आणि सहज म्हणून विहिरीला पाणी मागितलं. घटकाभरात विहीर भरली! मग काय, नवसाला रांगच लागली. नंदाबाईंनी दूध मागितलं, तर त्यांची म्हैस दुप्पट दूध देऊ लागली.

अंजूला मात्र पहिल्या दिवसापासून संशय होता. बांधापलीकडची विहीर तिच्या बाबांची. काकांची भरली त्याच दिवशी ती कोरडी पडली. नंदाबाईंच्या म्हशीचं दूध वाढलं त्याच दिवशी खालच्या आळीतल्या कचरूमामांची म्हैस आटली. मोठी माणसं म्हणाली, उन्हाळाच आहे. पण उन्हाळा काय घरं निवडून येतो? इथं नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि आता पाजायला पाणी नाही म्हणून बाबा उद्या सगळ्या मेंढ्या कुंभार पिंपळगावच्या बाजारात विकणार होते. अंजूनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली भुरीसुद्धा. दोन दिवस तिला घास गिळवत नव्हता.

तिनं डोळे मिटून दगडाकडे एक चिंच मागितली. तळहातावर काहीतरी टपकन पडलं. ओमप्रकाशनं मूठ उघडली, तर आत चारच! त्यानं आधी आपली चिंच परत मागितली आणि मग तो घाबरला.

आता सगळा उलगडा झाला. फाटकाकडून मागणाऱ्याला दगड देत होता खरा, पण आपल्या पाठीमागून काढून. आणि पाठीमागे होती खालची आळी आणि अंजूच्या बाबांचं शेत! आकांक्षानं लगेच काकांना जाऊन सांगितलं. काका हसले. म्हणाले, देव पावला की लोकांच्या पोटात दुखतंच. पण हसताना त्यांनी नजर चुकवली, हे तिच्या लक्षात आलं.

सरळ बोटानं तूप निघणार नव्हतं. तिघांनी पहार लावून, घामाघूम होत, दगडाचं तोंड खालच्या आळीकडे फिरवून ठेवलं.

संध्याकाळी आरतीला आलेल्या नंदाबाई ओरडल्या, "देवानं तोंड फिरवलं!" सगळ्यांनी हात जोडले. जमिनीवरचे ओरखडे कुणी पाहिले असतील तर शपथ! अंजूनं बाबांना, त्रिंबकला, हाताला धरून समोर उभं केलं. आता त्यांच्यासमोर दगड होता आणि दगडापलीकडे काकांची बाग. त्यांनी ओशाळत मेंढ्यांपुरतं पाणी मागितलं.

थोड्याच वेळात ओमप्रकाश धापा टाकत सांगत आला की आपली विहीर काठोकाठ भरली. त्याच्यामागोमाग बागेतून काका आले, लालबुंद होऊन.

"माझी विहीर कोरडी पडली! कुणी चोरलं माझं पाणी?"

 अंजू पुढं झाली.

"काका, आमचं पाणी गेल्तं तवा ते देवाचं देणं होतं. मंग आज तुमचं गेलं तर चोरी कशी?"

 मग तिनं चिंचेचा प्रयोग सगळ्यांदेखत पुन्हा करून दाखवला. काकांनी उरलेल्या चिंचा स्वतः मोजल्या.

आकांक्षा फळांनी वाकलेल्या झाडांकडे बघत होती. आठवड्यात ती वाळली असती. बाबा नुसते गप्प राहिले असते, तरी विहीर त्यांचीच होती. अंजूला त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची भीती वाटली.

"भरल्या विहिरीला कोण नको म्हणंल?" त्रिंबक हळूच म्हणाला. "पण शेजाऱ्याची बाग वाळवून मेंढ्या पाजणं मला जमायचं न्हाई. हा हद्दीचा दगड हाय. चला, त्याच्या जागेवर ठिवू."

सगळ्यात आधी खांदा लावला तो धर्मराजकाकांनी. दगड बांधावरच्या जुन्या खड्ड्यात बसला आणि दोन्ही विहिरी निम्म्या-निम्म्यावर येऊन थांबल्या. कचरूमामांची म्हैस हंबरली. नंदाबाईंनी तेवढा एक सुस्कारा सोडला.

काकांनी तिन्ही पोरांना जवळ बोलावलं. या वेळी त्यांनी नजर चुकवली नाही.

"आम्ही समदे हात जोडून उभे होतो, पोरांनो. दगडाच्या मागं जाऊन बघायचं एकालाबी सुचलं न्हाई. तुम्ही बघितलं म्हणून गाव वाचलं."

बाबांनी मेंढ्या न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला फोन लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. अंजू आतापर्यंत धीरानं उभी होती. ते ऐकल्यावर मात्र तिला रडू आवरेना.